प्राणिप्लवक आणि समुद्रातल्या कार्बनचा हिशेब

प्रवाहाला तोंड देऊन पोहण्याइतके बळ नसलेले, पाणी नेईल तिकडे वाहत जाणारे प्राणी म्हणजे प्राणिप्लवक. ही व्याख्या आकारावर बेतलेली नाही. एका पेशीचे सिलिएट आणि फोरॅमिनिफेरा यात येतात, तशी हातभर रुंदीची जेलीफिशही येते. मासे, खेकडे, शिंपले यांची अंडी आणि अळ्याही आयुष्याचे पहिले काही दिवस किंवा आठवडे याच मेळ्यात काढतात. संख्येने मात्र सगळ्यांवर मात करतात ते कोपेपॉड. एक-दोन मिलिमीटर लांबीचे, लांबलचक शृंगिकांचे हे कवचधारी प्राणी समुद्रात कुठेही जाळे ओढले तरी बहुधा निम्म्याहून अधिक संख्येने हाती लागतात.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मराठवाड्याला कोपेपॉडची ओळख झाली ती दुखण्यातून. नारू झालेला माणूस बारवेत किंवा पायविहिरीत उतरून पाणी भरायला लागला, की त्याच्या पायावरच्या फोडातून कृमीच्या अळ्या पाण्यात सुटत. त्या अळ्या सायक्लॉप्स गिळत असे आणि ते पाणी तसेच पिणाऱ्याच्या पोटात सायक्लॉप्ससकट नारू जाई. पाणी कापडातून गाळून पिणे, पायविहिरींत उतरणे बंद करणे आणि पाण्यात औषध टाकणे एवढ्या उपायांनी तो हटला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हा सायक्लॉप्स म्हणजे गोड्या पाण्यातला कोपेपॉडच. कोकणाची ओळख जास्त रुचकर आहे. डोल जाळ्यात येणारा जवळा हा प्लवकांसारखाच भरतीओहोटीबरोबर वाहणारा, कोळंबीच्या नात्यातला जीव. बोंबील त्याच्यावर जगतो आणि वाळवलेला जवळा घाट चढून आठवडी बाजारांत पोचतो.

रोग आणि कालवण यांपलीकडे या प्राण्यांचे महत्त्व आहे ते कार्बनच्या हिशेबात. समुद्रातले वनस्पतिप्लवक वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन प्रकाशसंश्लेषणाने बांधतात. पृथ्वीवरच्या एकूण उत्पादनाचा हा जवळजवळ निम्मा वाटा. यातला बहुतेक कार्बन वरच्या शे-दोनशे मीटर पाण्यातच खाल्ला जातो, श्वसनात जळतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा विरघळलेला कार्बन डायऑक्साइड होतो. साधारण ५ ते १२ अब्ज टन तेवढा खोल उतरतो. अंदाजांमधला हा फरकच सांगतो की मोजणी किती कच्ची आहे. खोल पाण्यात गेलेला कार्बन शेकडो वर्षे वर येत नाही. या उतरणीला जैविक पंप म्हणतात. तो बंद पडला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड, जो आज दर दहा लाख भागांत ४२० भागांच्या पुढे आहे, त्यात आणखी दीडशे ते दोनशे भागांची भर पडेल असे गणित आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषतो, तो मुख्यतः पाण्यात विरघळण्याच्या भौतिक-रासायनिक क्रियेने. जैविक पंप हा त्याआधीपासून चालत आलेला व्यवहार आहे. समुद्राच्या पोटात सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन आहे, हवेतल्या साठ्याच्या चाळीसपटीहून अधिक. त्याची वरखाली वाटणी कशी राहते हे ठरवण्यात या पंपाचा मोठा हात आहे. प्लवक आपले प्रदूषण गिळत आहेत, हे वृत्तपत्री वाक्य म्हणून अर्धेच खरे. पंपाचा वेग बदलला तर मात्र हवेतला हिशेब बदलेल, आणि चिंता आहे ती त्याची.

वरचा कार्बन खाली नेण्याचे प्राणिप्लवकांचे मार्ग वेगवेगळे आहेत. सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला मार्ग विष्ठेचा. डायॅटम या कवचधारी वनस्पतिप्लवकाची सुटी पेशी दिवसाला जेमतेम मीटरभर बुडते. चार किलोमीटर खोल तळ गाठायला तिला वर्षे लागतील आणि त्याआधीच जिवाणू तिचा फडशा पाडतील. तीच पेशी कोपेपॉडने खाल्ली, तर तिचा न पचलेला भाग पातळ पटलात गुंडाळलेल्या, मिलिमीटरच्या काही दशांशाएवढ्या लांबट गोळीच्या रूपात बाहेर पडतो. ही गोळी दिवसाला काही दशक ते दोनेकशे मीटर खाली जाते. म्हणजे शंभर मीटरचा वेग धरला तर तळ चाळीस दिवसांवर येतो. सॅल्प या पिंपासारख्या, पारदर्शक प्राण्यांच्या विष्ठेचा वेग तर दिवसाला हजार मीटरच्या घरात जातो. सॅल्पची झुंड फुटली की एखाद्या आठवड्यात तळाला मिळणारे अन्न एरवीच्या कितीतरी पट होते. पण सगळ्याच गोळ्या तळाला पोचत नाहीत. ऑइथोनासारखे छोटे कोपेपॉड वाटेत त्या फोडतात, कुरतडतात, खातात. एकाच गटातले प्राणी पंप चालवतात आणि तेच त्याला गळतीही लावतात.

गळतीचे ढोबळ गणित जॉन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले. पॅसिफिक महासागरात निरनिराळ्या खोलीवर पडणारे कण गोळा करून त्यांनी काढलेल्या वक्रानुसार शंभर मीटरवरून जेवढा कार्बन खाली निघतो, त्याचा सुमारे सातवा भागच हजार मीटरपर्यंत टिकतो. हा वक्र अजून वापरात आहे, पण सगळ्या समुद्रांना तो एकाच उताराने लागू करणे चूक ठरते. उतार कुठे तीव्र आहे आणि कुठे सौम्य, हे बऱ्याच अंशी तिथल्या पाण्यात कोण खाते यावर ठरते.

दुसरा मार्ग प्राणी स्वतःच्या अंगावर कार्बन वाहून नेण्याचा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ध्वनियंत्रांवर काहीशे मीटर खोल एक खोटाच तळ उमटू लागला. तो संध्याकाळी वर येई आणि पहाटे खाली जाई. १९४५ साली मार्टिन जॉन्सन यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ दाखवले की हा तळ सजीव आहे. क्रिल, कोपेपॉड, छोटे मासे आणि कोळंबीवजा प्राणी अंधार पडला की चरायला वर येतात आणि उजाडायच्या आत, नजरेने शिकार करणाऱ्या माशांपासून लपायला, खाली जातात. एकूण वजनाचा विचार केला तर पृथ्वीवर रोज होणारे हे सर्वांत मोठे स्थलांतर. वर खाल्लेले अन्न हे प्राणी खाली जाऊन श्वसनात जाळतात, उत्सर्जित करतात आणि कित्येकदा तिथेच मरतात. बुडणाऱ्या कणांच्या तुलनेत या वाहतुकीचा वाटा कुठे दहा टक्क्यांहून कमी भरतो, कुठे तीस टक्क्यांच्याही पुढे जातो. उत्तर अटलांटिकमधला कॅलॅनस हा कोपेपॉड तर हिवाळाभर हजार मीटरच्या आसपास निद्रिस्त राहतो आणि उन्हाळ्यात साठवलेली चरबी तिथे हळूहळू जाळतो. अरबी समुद्रात याला जवळचे उदाहरण कॅलॅनॉइडिस कॅरिनेटस या कोपेपॉडचे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत थंड, पोषक पाणी वर आले की तो पृष्ठभागावर झपाट्याने वाढतो. पाऊसकाळ सरला की त्याची प्रौढत्वाच्या आधीच्या अवस्थेतली पिल्ले शेकडो मीटर खोल जाऊन पुढच्या मोसमाची वाट पाहतात.

हे सगळे कळायला बराच काळ गेला, कारण सुरुवातीची साठ-सत्तर वर्षे जोर होता तो मोजदादीवर. समुद्रात तरंगणाऱ्या जीवांना प्लवक हे नाव व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली दिले आणि त्यांनीच ठरावीक तोंडाचे जाळे ठरावीक खोलीवरून ओढून मोजण्याची शिस्त घालून दिली. हिंदी महासागरात ती शिस्त आली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेबरोबर, १९६० च्या सुमारास. अनेक देशांच्या जहाजांनी, त्यांत भारताची आयएनएस किस्तना होती, एकाच मापाचे जाळे वापरायचे ठरले: एक चौरस मीटर तोंड, ०.३३ मिलिमीटरची भोके, दोनशे मीटरपासून पृष्ठभागापर्यंत उभी ओढ. हे नमुने कोचीनला युनेस्कोच्या साहाय्याने उभारलेल्या हिंदी महासागर जीवविज्ञान केंद्रात गोळा झाले आणि त्यांवरून प्लवकांचे नकाशासंग्रह निघाले. १९६६ च्या १ जानेवारीला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. पुढे गोव्यात दोना पावला इथे तिचे ठाणे पडले आणि कोचीनचे केंद्र तिच्यात सामील झाले.

नमुना मोजणे हे डोळ्यांची परीक्षा पाहणारे काम आहे. बाटलीतला गाळ फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, विभाजकात घालून तो निम्मा, पुन्हा निम्मा असा आवाक्यात येईपर्यंत वाटतात आणि खाचा पाडलेल्या तबकात ओतून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक प्राणी मोजतात. गट ओळखणे सोपे. जात ओळखायची तर कॅलॅनॉइड कोपेपॉड उताणा करून, सुईने त्याच्या पायांची पाचवी जोडी सुटी करून पाहावी लागते, आणि तीही प्रौढाचीच. पिल्ले बहुधा वंशापर्यंत पोचूनच थांबतात. अशा कामातून अरबी समुद्राचे पहिले चित्र तयार झाले. त्याचे दोष जाळ्यातच होते. ०.३३ मिलिमीटरच्या भोकांतून छोटे कोपेपॉड आणि पिल्ले निसटत, एकपेशीय प्राणी तर सगळेच. जेलीसारखे प्राणी फाटून निकामी होत. दोनशे मीटरच्या एका ओढीत सगळे थर एकत्र कालवले जात आणि दिवसा तीनशे मीटरवर गेलेले प्राणी हिशेबातच येत नसत.

नवा टप्पा सुरू झाला १९९४ ते १९९७ च्या दरम्यान, जागतिक समुद्री कार्बन-प्रवाह अभ्यासाच्या भारतीय कार्यक्रमात. सागर कन्या जहाजावरून वेगवेगळ्या ऋतूंत, दिवसा आणि रात्री, खोलीनुसार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या जाळ्यांनी नमुने घेतले गेले. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांच्या हाती जे लागले ते अपेक्षेच्या उलट होते. अरबी समुद्रात वनस्पतिप्लवकांचे उत्पादन ऋतूंनुसार कमालीचे बदलते. पावसाळ्यात तळचे पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या, गार वाऱ्यांनी पृष्ठभाग थंड आणि जड होऊन बुडतो, त्यामुळे पाणी शंभर मीटरपर्यंत घुसळले जाते आणि पोषक द्रव्ये वर येतात. हिवाळी भरभराटीची ही यंत्रणा मधुप्रताप, एस. प्रसन्न कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘नेचर’मध्ये मांडली. मार्च ते मे या काळात मात्र पाणी थरबद्ध, निळे आणि उपाशी असते. तरीही वरच्या थरातल्या प्राणिप्लवकांचे वजन वर्षभर जवळजवळ सारखेच. याला अरबी समुद्राचा विरोधाभास म्हणतात.

उलगडा सुचवला गेला तो असा: उपाशी ऋतूत मोठ्या वनस्पतिप्लवकांची जागा विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू आणि अतिसूक्ष्म पेशी घेतात, त्यांना एकपेशीय प्राणी खातात आणि कोपेपॉड त्या एकपेशीय प्राण्यांवर भागवतात. साखळीला एक कडी जास्त लागते, ताट मात्र रिकामे राहत नाही. पुढे जगभरच्या मोजणीने या मधल्या कडीला पुष्टी दिली. समुद्रातल्या रोजच्या वनस्पती उत्पादनापैकी सुमारे साठ ते पंच्याहत्तर टक्के चराई हे सूक्ष्मप्राणीच करतात; कोपेपॉडचा थेट वाटा त्यापुढे थोडा. लांब साखळीत मात्र प्रत्येक कडीला श्वसनाची घट आहे. म्हणून वर प्राण्यांचे वजन तेवढेच दिसले तरी खाली उतरणारा कार्बन तेवढाच राहत नाही.

हे वेगळ्या बाजूने आधीच दिसले होते. १९८६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी अरबी समुद्रात खोल पाण्यात गाळ-सापळे टांगले. नांगरलेल्या दोरावरचे हे मोठे नरसाळे वरून पडणारे कण पकडते आणि खालचे पेले ठरावीक दिवसांनी आपोआप सरकतात, म्हणजे वर्षभराचा पाऊस कालक्रमाने भरून मिळतो. १९८९ साली आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दोन ठळक उंचवटे होते, एक नैर्ऋत्य मोसमी काळातला, एक हिवाळ्यातला. वर प्राण्यांचे वजन स्थिर, खाली कार्बनचा पाऊस ऋतूंप्रमाणे कमीजास्त. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, आणि ती एकत्र ठेवली की वजनाच्या आकड्याची मर्यादा उघडी पडते. किती प्राणी आहेत यावरून ते दिवसाला किती खातात, किती सोडतात, किती जाळतात हे कळत नाही. या क्षेत्रातल्या पुष्कळ मतभेदांच्या मुळाशी साठा आणि दर यांची ही गल्लत आहे.

अरबी समुद्राची आणखी एक खोड आहे. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत तिथल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. बहुतेक प्राण्यांना हा थर वर्ज्य. पण प्ल्युरोमामा इंडिका हा कोपेपॉड आणि काही कंदिलमासे दिवसभर तिथेच दडून राहतात, कारण त्यांना खाणारे तिथे येऊ शकत नाहीत. या दडणाऱ्यांच्या मूत्रातला अमोनिया तिथल्या जिवाणूंना उपलब्ध होतो आणि त्यातून समुद्राचा नायट्रोजन वायुरूपाने निसटतो. उलट, या थरात विष्ठागोळ्या फोडणारे प्राणी विरळ असल्याने कण कमी तुटतात आणि कार्बन तुलनेने शाबूत खाली उतरतो. ऑक्सिजनशून्य थर पसरला तर पंप बळावेल की ढिला पडेल, याचे एका शब्दात उत्तर नाही.

प्राणिप्लवकांकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे धडधडीत उदाहरण भारत-जर्मनी सहकार्यातल्या लोहाफेक्स प्रयोगाने दिले. समुद्रात लोह टाकून वनस्पतिप्लवक वाढवावेत, ते बुडतील आणि कार्बन नेतील, अशी कल्पना नव्वदीपासून चर्चेत होती. २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये पोलारस्टर्न जहाजावरून, व्हिक्टर स्मेटाचेक आणि एस. वाजिह ए. नक्वी यांच्या नेतृत्वाखाली, दक्षिण महासागरातल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडण्यात आले. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला आणि जर्मन सरकारने काही दिवस प्रयोग रोखूनही धरला. प्लवक वाढले खरे, पण त्या पाण्यात सिलिका नसल्याने कवचधारी डायॅटम वाढले नाहीत. वाढल्या त्या मऊ पेशी, ज्या कोपेपॉडना सहज खाता येतात. कोपेपॉडनी त्या खाल्ल्या आणि कोपेपॉडना ॲम्फिपॉडनी. खोल पाण्यात उतरलेला कार्बन नगण्य निघाला. लोह टाकून हवामान सुधारण्याचा व्यवसाय मांडू पाहणाऱ्यांना याहून चपखल उत्तर कोणत्याही परिषदेने दिले नसते.

सध्याचा गाजणारा वाद नॉक्टिल्यूका सिंटिलान्सचा. रात्री कोकणच्या लाटा निळ्या चमकतात, त्या बऱ्याचदा याच एकपेशीय जिवामुळे. अरबी समुद्राच्या उत्तरेत त्याचा हिरवा प्रकार वाढतो. त्याच्या पेशीत सूक्ष्म हिरवे शैवाल नांदते, त्यामुळे तो प्रकाशावरही जगतो आणि शिकारीवरही. हेल्गा गोम्स, वाकीम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की हिवाळ्यात पूर्वी डायॅटम फोफावत तिथे आता या नॉक्टिल्यूकाचे दाट थर येतात, आणि याचा संबंध कमी ऑक्सिजनचे पाणी वर येण्याशी जोडला. भारतातल्या काही संशोधकांना हे कारण मान्य नाही. त्यांच्या मोजणीत पृष्ठभागाजवळ ऑक्सिजनची तशी टंचाई दिसली नाही. कारण कोणतेही असो, परिणाम अन्नसाखळीवर आहे. कोपेपॉडना नॉक्टिल्यूका सहसा खाता येत नाही. तो खातात सॅल्प आणि जेलीफिश. कोपेपॉडवर पोसणाऱ्या माशांच्या वाट्याचा कार्बन जेलीकडे वळतो.

कवचाच्या कार्बनबद्दल थोडक्यात. फोरॅमिनिफेरा आणि टेरोपॉड चुन्याची कवचे बनवतात. ती बनताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे हा पंप उलट्या दिशेचा. तळाशी साठलेली हीच कवचे मात्र जुन्या मोसमी वाऱ्यांची बखर सांगतात. ओमानजवळच्या गाळात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या फोरॅमिनिफेराची कवचे ज्या थरात जास्त, त्या काळी वारा जोराचा, असे वाचले जाते.

दर मोजण्याच्या पद्धती आता पुष्कळ आहेत, पण प्रत्येकीला वेळ आणि जहाज लागते. समुद्राचे पाणी वेगवेगळ्या प्रमाणात गाळलेल्या पाण्याने पातळ करून सूक्ष्मप्राण्यांची चराई काढतात, ही १९८२ सालची युक्ती. कोपेपॉडच्या पोटातल्या हरितद्रव्याच्या चमकेवरून त्याने किती खाल्ले ते कळते. बंद बाटलीत ऑक्सिजन किती घटला त्यावरून श्वसन. ध्वनियंत्रे आणि पाण्यात सोडलेले कॅमेरे जाळे न फाडता जेली मोजतात. तरी पश्चिम किनाऱ्यावरची खरी अडचण ऋतूची आहे. पावसाळ्यात, म्हणजे सर्वांत उत्पादक काळात, छोट्या संशोधन होड्याही मासेमारीच्या होड्यांसारख्या किनाऱ्याला लागतात. गोव्यात कांदोळीसमोर १९९० च्या दशकापासून चाललेली नियमित निरीक्षणे म्हणूनच मोलाची. हवामानाच्या मोठ्या संगणकी प्रारूपांत प्राणिप्लवक अजून एक-दोन खोक्यांत कोंबलेले असतात. २०२३ सालच्या एका तौलनिक अभ्यासात आढळले की समुद्री कार्बनचक्राबाबत या प्रारूपांत जो विसंवाद आहे, त्याचा सर्वांत मोठा उगम चराईच्या समीकरणातच आहे.

छत्रपती संभाजीनगर परिसरात हा विषय गोड्या पाण्याच्या रूपाने आहे. पैठणजवळचा जायकवाडीचा नाथसागर, शहरातला हर्सूल तलाव आणि दिल्ली दरवाजाजवळचे सलीम अली सरोवर ही इथल्या विद्यार्थ्यांची नमुने घेण्याची ठिकाणे. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीची साठवण सुमारे १०२ टीएमसी; पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, पण खोली बेताची. इथे रोटिफर, डॅफ्निया-मोइनासारखे क्लॅडोसेरन आणि सायक्लॉप्सच्या जातकुळीतले कोपेपॉड मिळतात. सांडपाणी मिसळते तिथे ब्रॅकिऑनस या रोटिफरची गर्दी होते, म्हणून पाणी बिघडल्याची खूण म्हणून त्याच्याकडे पाहतात. राज्यातल्या तलावांवरचे असे प्रबंध बहुधा जातींची यादी, मासिक संख्या आणि विविधतेचे निर्देशांक इथेच थांबतात. समुद्राने तीस वर्षांपूर्वी दिलेला धडा, वजन सारखे असूनही प्रवाह वेगळा असू शकतो, तो तलावांच्या अभ्यासात अजून फारसा उतरलेला नाही. चराई आणि श्वसन मोजायला इथे जहाज लागत नाही; बाटल्या, गाळण आणि विंकलरची ऑक्सिजन-चाचणी पुरते. उथळ, गाळाच्या जलाशयांत तळातून मिथेन सुटतो, तो खाणाऱ्या जिवाणूंना प्राणिप्लवक खातात, म्हणजे कार्बनचा हिशेब इथेही त्यांच्या पोटातूनच जातो.

पैठणहून पुढे गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिथे चित्र निराळे आहे. नद्यांच्या गोड्या पाण्याची चादर पृष्ठभागावर पसरल्याने पाणी घुसळत नाही, उत्पादन अरबी समुद्राहून कमी. तरीही खोल सापळ्यांत कार्बनचा पाऊस अपेक्षेहून बरा पडतो, कारण नद्यांनी आणलेले मातीचे कण विष्ठागोळ्यांत आणि सेंद्रिय गुठळ्यांत मिसळून त्यांना वजन देतात. धरणे हा गाळ अडवतात. सिलिकाही काही प्रमाणात जलाशयातल्याच डायॅटमच्या कवचांत अडकून तळाशी राहते. डॅन्यूब नदीवरच्या धरणांनंतर काळ्या समुद्रात सिलिका घटून डायॅटमऐवजी दुसरे प्लवक वाढल्याचे १९९७ साली दाखवले गेले. लोहाफेक्सने दाखवले की सिलिका नसली की मऊ पेशी वाढतात आणि कार्बन वरच अडकतो. गोदावरीच्या मुखाशी हाच बदल कितपत झाला आहे, हे नदीतले गाळ आणि सिलिका यांचे माप आणि मुखापलीकडच्या कोपेपॉडच्या चराईचे माप एकाच हंगामात, एकाच वेळी घेतले तरच ठरेल.